निवांतपणाचं वेळापत्रक

मला फक्त आडवं पडायचं होतं. समुद्रकिनारी, छत्रीखाली, हातात अननसाची फोड खोचलेला थंडगार पेला, आणि आसपास "आई, माझा चार्जर कुठाय?" असं विचारणारं कोणी नाही. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात दारापुढचा बर्फ फावड्याने उपसताना माणसाला जी स्वप्नं पडतात, त्यांतलं हे सगळ्यात गरीब स्वप्न. "या वेळी मोटेल नाही, कुपनं नाहीत, डब्यात ठेपले नाहीत," मी जेवताना जाहीर केलं. "या वेळी लग्झरी." नवरा लगेच "हो" म्हणाला. इतक्या लगेच, की त्याचं सगळं लक्ष फोनमध्ये होतं हे उघड होतं.

सान हुआन ठरलं त्याला कारणं होती. नेवार्कहून थेट विमान, साधारण चार तास. कॅरिबियन समुद्रातलं बेट असलं तरी प्वेर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यात, त्यामुळे चलन डॉलर, आणि मुख्य म्हणजे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासू-सासऱ्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. हो, तेही येणार होते. लग्झरीची व्याख्या पहिल्यांदा बदलली ती इथे.

ही बातमी पुण्याला पोचली आणि नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, पण आई-बाबांना परत आत घेतील ना?" मी समजावलं, की १८९८ च्या युद्धानंतर अमेरिकेने हे बेट स्पेनकडून घेतलं, १९१७ पासून तिथली माणसं अमेरिकेची नागरिक आहेत, फक्त तिथे राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. "म्हणजे सुनेसारखं," नणंद म्हणाली. "घर तुझंच आहे म्हणायचं, पण ठरवताना विचारायचं नाही." माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला.

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आक्षेप वेगळाच निघाला. कॅरिबियन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर १९७१ ची मालिका उभी राहिली. गावसकर, पदार्पण, ७७४ धावा. पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान बघता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी नकाशा उघडून दाखवला, की ते त्रिनिदाद, आपण चाललोय ते पार उत्तरेला, आणि इथे क्रिकेट नाही, बेसबॉल. "कॅरिबियनमध्ये क्रिकेट नाही?" बाबांनी हे अशा आवाजात विचारलं की मलाच अपराधी वाटायला लागलं. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रॉबेर्तो क्लेमेंते नावाच्या खेळाडूची सगळी माहिती काढली होती. बरोब्बर ३००० हिट्स, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान समुद्रात कोसळून मृत्यू. "मोठा माणूस," बाबा म्हणाले. "क्रिकेट खेळायला हवा होता."

मग हॉटेल. इथे मला नकाशानेच धोका दिला. माझी समजूत अशी, की ऐतिहासिक शहर आणि समुद्रकिनारा दोन्ही सान हुआनमध्ये आहेत म्हटल्यावर खिडकीतून किल्ला दिसेल आणि दारातून वाळू. प्रत्यक्षात जुनं सान हुआन तटबंदीच्या आत, एका चिंचोळ्या बेटावर वसलेलं. समुद्र आहे, भरपूर आहे, पण तो तटाखालच्या खडकांवर आपटतो. अंग टाकावं असे किनारे पूर्वेकडे: कोंदादो, ओशन पार्क, इस्ला वेर्दे. म्हणजे इतिहास एकीकडे आणि आडवं पडणं दुसरीकडे. आमच्या घरातले दोन पक्ष तिथेच पडले.

नवऱ्याचा जीव जुन्या शहरातल्या एका हॉटेलवर जडला, जे १६५१ साली कार्मेलाइट नन्सचा मठ म्हणून सुरू झालं होतं. "विचार कर, पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या भिंती!" मी विचार केला. ज्या बायकांनी सुखाचा त्याग केला त्यांच्या खोलीत जाऊन मी सुख शोधायचं, आणि तेही वाळूशिवाय. शिवाय जुन्या शहरातले रस्ते चढउताराचे आणि दगडी. लोखंड गाळताना उरलेल्या मळीपासून केलेल्या त्या विटा, जहाजाला वजन म्हणून युरोपातून आल्या आणि रस्त्यात बसल्या. पावसात निळ्या चमकतात, असं नवरा सांगत होता. सासूबाईंच्या गुडघ्यांना रंग दिसत नाही, एवढंच मी म्हणाले. कोंदादो जिंकलं.

पण कोंदादोत खोली घेणं म्हणजे समुद्राचे किती तुकडे पाडता येतात याचं शिक्षण. ओशनफ्रंट, म्हणजे समुद्र समोर. ओशन व्ह्यू, म्हणजे समुद्र दिसतो. पार्शल ओशन व्ह्यू, म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावर वाकून, मान डावीकडे वळवून, शेजारच्या इमारतीच्या पलीकडे निळं काहीतरी आहे असं मानता येतं. सिटी व्ह्यू, म्हणजे पार्किंग. आणि लगून व्ह्यू, कारण कोंदादोच्या मागच्या बाजूला खरंच एक खाजण आहे. "लगून म्हणजे पाणीच ना?" नवरा म्हणाला. लगून व्ह्यू बराच स्वस्त होता. "आणि तिथे मॅनटीसुद्धा दिसतात. समुद्रगायी." गायी म्हटल्यावर सासूबाईंनी मान वर केली. मी ओशन व्ह्यूवर बोट ठेवून बसले.

किंमत हा प्रकार मुद्दाम पायऱ्यापायऱ्यांनी सांगतात, म्हणजे एकदम धक्का बसत नाही. पहिल्या पानावर खोली चारशे डॉलर. दुसऱ्या पानावर रिसॉर्ट फी, जिच्यात वायफाय, व्यायामशाळा आणि किनाऱ्यावरचा टॉवेल मोडतो. व्यायामशाळेत आमच्यापैकी कोणीही जाणार नव्हतं आणि टॉवेल सासूबाईंनी घरून चार बाजूला काढून ठेवले होते, पण फी सर्वांना सारखी. तिसऱ्या पानावर खोलीवरचा कर, कॅसिनो नसलेल्या हॉटेलात ९ टक्के आणि असलेल्यात ११. "आपण जुगार खेळणार नाही असं लिहून दिलं तर दोन टक्के कमी करतील का?" बाबांनी विचारलं, आणि ते गंमत करत नव्हते. शेवटच्या पानावर आकडा पाचशेच्या पुढे गेला होता. छत्री आणि खुर्ची वेगळी. मी ज्या एका गोष्टीसाठी चालले होते, ती वेगळी!

त्यातल्या त्यात दिलासा एकच. प्वेर्तो रिकोत समुद्रकिनारे कायद्यानेच सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही महाग असो, वाळू कोणाच्या बापाची नाही. हे नवऱ्याने वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जो विचार उमटला तो मी ओळखला. "मग आपण खोली लांब, आत कुठेतरी घेऊन..." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने वाक्य पुरं केलं नाही. त्याच रात्री क्रेडिट कार्ड माझ्या हाताने भरलं.

हॉटेलांवरचे लोकांचे अभिप्राय मी नेमाने वाचत होते. उशा मऊ आहेत, न्याहारी बरी आहे, आणि मधूनच कोणीतरी संतापून लिहिलेलं, की रात्रभर बाहेर काहीतरी ओरडतं, ते बंद करा. ते म्हणजे कोकी. इंचभर बेडूक, पण आवाज असा की झोपलेला माणूस उठून बसावा. त्या बेटाचं लाडकं प्रतीकच आहे ते. सासूबाईंना त्यात तक्रार काय तेच कळेना. "पावसात बेडूक ओरडणार नाही तर काय माणसं ओरडणार? आणि यांच्या घोरण्यापुढे तो इंचभर जीव काय टिकणार?"

तारखांचा प्रश्न खरं तर सरळ असायला हवा होता. डिसेंबर ते एप्रिल हंगाम, म्हणजे परवडत नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर फार वाईट. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळाने बेटाची काय दशा केली ते सगळ्यांना आठवत होतं. मधे उरतो तो मे-जून. लेकीची शाळा सुटली की लगेच, म्हणजे २२ जून २०२५, असं मी लिहून टाकलं. तेवढ्यात लेकीने जाहीर केलं की जुलैत जायचं. का? तर बॅड बनी, तिथला लाडका गायक. ११ जुलैपासून सान हुआनमध्येच त्याची मैफलींची मालिका होती. लेक स्पॅनिश शाळेत कमी आणि त्याच्या गाण्यांतून जास्त शिकली आहे, त्यामुळे तिला नेमकं काय काय कळतं हे मी विचारत नाही. मी एवढंच दाखवून दिलं की पहिले नऊ कार्यक्रम फक्त तिथल्या रहिवाशांसाठी राखून ठेवलेत, आणि त्या महिन्यांत खोल्यांचे भाव बघ. तिने भाव बघितले नाहीत. "मग आपण तिथेच राहायला जाऊया ना," म्हणाली आणि दार आपटून वर गेली. २२ जून कायम.

आणि मग माझी झोपण्याची जागा हळूहळू आकसायला लागली.

सुरुवात नवऱ्याने केली. त्याने स्लाइड्स बनवल्या. एल मोर्रो किल्ला, बांधकाम सुरू १५३९, सहा स्तर, खाडीच्या तोंडावर. सान क्रिस्तोबाल, स्पॅनिशांनी अमेरिका खंडांत बांधलेल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांपैकी एक. १५९५ मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेक आरमार घेऊन आला आणि मार खाऊन गेला. बाबा एरवी अमेरिकेतल्या इतिहासाला "कालपरवाचा" म्हणतात, पण इथे सरसावून बसले. त्यांचं बालपण विजयदुर्गाच्या सावलीत गेलंय, त्यामुळे जलदुर्ग हा त्यांचा घरचा विषय. "मग मोर्रो पडला कधी?" त्यांनी विचारलं. १५९८ मध्ये, नवरा म्हणाला, अर्ल ऑफ कंबरलँडने जमिनीच्या बाजूने येऊन घेतला. "तेच म्हणतो मी. जमिनीकडची बाजू कच्ची ठेवतात." जणू काही वेळेवर विचारलं असतं तर त्यांनी स्पेनच्या राजाला हे सांगितलं असतं. पण इंग्रजांना तो किल्ला टिकवता आला नाही, नवऱ्याने सांगितलं. सैन्यात हगवणीची साथ पसरली आणि त्यांना निघून जावं लागलं.

ही माहिती त्याने द्यायला नको होती. सासूबाईंनी तिथल्या तिथे यादीत पाण्याच्या बाटल्यांचा खोका लिहिला.

दोन्ही किल्ले एकाच तिकिटात, दहा डॉलरला, हे कळल्यावर त्यांना अर्ध्या दिवसात उरकणं अशक्यच झालं. सोमवार अख्खा गेला. हे किल्ले १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, हे बाबांना लागलं होतं ते वेगळंच. (आपले बारा किल्ले त्या यादीत आले ते आमचा सगळा बेत आखून झाल्यावर, २०२५ च्या जुलैत. आधी आले असते तर बाबांनी तिथल्या रेंजरला उभं करून विजयदुर्गावर व्याख्यान दिलं असतं, आणि तेही वेळापत्रकात धरावं लागलं असतं.)

मंगळवारी एल युंके, डोंगरातलं वर्षावन. तिथे काही भागांत वर्षाला २०० इंचांहून जास्त पाऊस पडतो, असं नवऱ्याने कौतुकाने वाचून दाखवलं. बाबांनी आंबोलीचा आकडा तोंडपाठ सांगितला आणि विषय संपवला. जूनमध्ये कोकणातला माणूस डॉलर मोजून पाऊस बघायला जातो यावर त्यांना हसू आवरेना, पण नाही म्हणाले नाहीत. गाडीचं भाडं दिवसाचं असतं ना, मग ती उभी कशाला ठेवायची?

जेवणाचं मी सासूबाईंच्या हाती दिलं नव्हतं, त्यांनी ते घेतलं. डुक्कर नाही, गाय नाही, गुरुवारी मासेही नाहीत. मोफोंगो मी मोठ्या आशेने दाखवला. कच्चं केळं तळून, लसूण घालून खलबत्त्यात कुटतात. त्यांचे डोळे चमकले. मग त्यात डुकराची तळलेली कातडी कुटून घालतात हे लेकीने वाचून दाखवलं. मग मी आरोज कोन गांदुलेसकडे वळले. सणावाराचा भात, तो हॅम न घालता कुठे मिळेल हे मी शोधून ठेवलं होतं. फोटो मोठा केला. सासूबाईंनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"अगं, ही तूर आहे."

होती. गांदुलेस म्हणजे तुरीचे ओले दाणे. आपल्याकडची तूर आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोचली, तिथे घरोघरची झाली. मला हे वाचून काहीतरी भव्य वाटत होतं. सासूबाईंनी फोन परत दिला. "तुरीचा भात खायला इतक्या लांब? ओले दाणे फ्रीजरमध्ये आहेत, उद्या करते." आणि खरंच केला, वरून खोबरं-कोथिंबीर घालून. उत्तम झाला होता.

आंब्याचंही असंच. तिथे आंबे पिकतात, जूनमध्ये मिळतात, हे कळल्यावर बाबांनी पिशवी बाजूला काढली. पण सान हुआनहून निघताना विमानतळावर कृषी खात्याची माणसं सामान तपासतात आणि आंबा मुख्य भूमीवर आणू देत नाहीत. "देवगडचा आणू दिला नाही, आता यांचा स्वतःचाही नाही?" बाबा म्हणाले. पिशवी मात्र सामानातून काढली नाही. आंबे तिथेच खोलीत बसून संपवायचे असं ठरलं. ओशन व्ह्यू खोलीत.

पण खरा पेच पडला तो चमकणाऱ्या पाण्याचा. सान हुआनपासून तासाभरावर फाहार्दोला लगूना ग्रांदे नावाचं खाजण आहे. तिथल्या पाण्यात असे सूक्ष्म जीव आहेत की पाणी हललं की निळसर उजेड पडतो. रात्री कांदळवनातून होडी वल्हवत जायचं आणि वल्हं मारलं की प्रकाश. लेक बॅड बनी विसरली इतकं तिला ते आवडलं. बाबा म्हणाले, आमच्याकडेही थंडीत कधी कधी दर्याला असा उजेड दिसायचा. सगळे तयार. मग मी सहज वाचलं, की चंद्रप्रकाशात हे नीट दिसत नाही, म्हणून जाणकार लोक अमावस्येच्या आसपासची रात्र घेतात. २५ जूनला अमावस्या होती. माझ्या मते योग जुळून आला होता.

"अमावस्येच्या रात्री," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "काळोखात, होडीतून, खाजणात."

यावर वाद होत नसतो. शास्त्रज्ञांचा सल्ला आणि सासूबाईंचा नियम यांच्यात एकाच तारखेवरून भांडण लागलं होतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोन दिवस घरात शांतता. मग एका संध्याकाळी बाबा फ्रीजला चुंबकाने अडकवलेलं कालनिर्णय काढून टेबलावर घेऊन बसले. भिंग आणलं. विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून त्यावर आकडे मांडले. अमावस्या संपते २५ तारखेला दुपारी चारला. पण हे चार कुठले? भारतातले. सान हुआन भारताच्या साडेनऊ तास मागे. चारातून साडेनऊ वजा करता येत नाहीत म्हणून त्यांनी आधी सोळा केले, मग वजाबाकी केली, मग पेन्सिल खाली ठेवली.

"तिथे सकाळी साडेसहालाच अमावस्या संपते," बाबा म्हणाले. "रात्री आपण होडीत बसू तेव्हा आषाढातली प्रतिपदा."

"पण काळोख?"

"काळोख तेवढाच. तिथी वेगळी."

सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन हिशेब तपासला. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई. वजाबाकी बरोबर होती. "मग चालेल," म्हणाल्या. बुधवारची रात्र गेली.

आता त्यांचा हुरूप वाढला. २३ जूनच्या रात्री, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, तिथले लोक मध्यरात्री समुद्रात पाठमोरे शिरतात आणि पाठीवर पडतात. कोणी तीनदा, कोणी सातदा, कोणी बारादा. वर्षाची पीडा जाते म्हणे. मी हे हसत हसत सांगितलं होतं. सासूबाई हसल्या नाहीत. "पर्वणीचं स्नान आहे ते. आपण सात करू."

"आई, तुमचे गुडघे..."

"पाण्यात गुडघे दुखत नाहीत."

कोंदादोच्या लाटा जोरदार असतात, म्हणून मग शांत पाण्याचा किनारा शोधणं आलं. एस्काम्ब्रोन सापडला. म्हणजे दिवसभर किल्ले, मध्यरात्री स्नान, आणि मंगळवारी पहाटे उठून वर्षावन. लग्झरी!

नवऱ्याने हे सगळं एक्सेलमध्ये बसवलं, रंग भरले आणि घरातल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं. मी माझं नाव शोधत होते. सापडलं. गुरुवार, दुपारी ३:०० ते ४:३०, "आराम (ऐच्छिक)". दीड तास. मी काही बोलले नाही. दीड तासात माणूस बरंच आडवं पडू शकतो. पिन्या कोलादाही त्यातच बसवली. ते बेटाचं अधिकृत पेय आहे, १९७८ पासून, त्यामुळे ती पिणं हा स्थानिक संस्कृतीचा अभ्यास धरला जाईल, असं मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, अभ्यास एकच पेला कर.

निघायच्या आदल्या आठवड्यात बाबा हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. त्या चेहऱ्यावर क्लेमेंतेनंतर एवढा आनंद मी पाहिला नव्हता. जुन्या शहराच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे कातान्योला फेरीबोट जाते. तिकीट अर्धा डॉलर.

"पाचशेची खोली घेतलीस ती घेतलीस," बाबा म्हणाले, "पण समुद्र बघावा तो होडीतून. येऊन जाऊन एक डॉलर! किल्ला समोरून दिसेल. गुरुवारी तीनला तुमचं काही नाहीये ना?"

नवऱ्याने लॅपटॉप उघडला. "ऐच्छिक आहे," तो म्हणाला.

"झालं तर मग." बाबा जायला वळले, पुन्हा थांबले. "आणि अगं, तिथे ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते का, तेवढं विचारून ठेव."